क्षमा आणि न्याय : नीळकंठशास्त्री गोऱ्हे आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील पापविचार

१

झाशीच्या पूर्वेस, ओरछ्याच्या राजवटीत बांधलेल्या एका विस्तीर्ण तलावाच्या काठी, बरुआसागर हे गाव वसले आहे. १७४४ साली येथे मराठे आणि बुंदेले यांची लढाई झाली. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाला या गावाची ओळख पटते ती निराळ्याच प्रसंगाने. या मुलखात चोर-दरोडेखोरांचा उपद्रव वाढला तेव्हा झाशीच्या राणी लक्ष्मीबाई स्वतः तेथे मुक्कामाला गेल्या आणि त्यांनी त्यांचा बंदोबस्त केला, ही हकीकत विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथातून मराठी वाचकाला ठाऊक आहे. हाच प्रसंग झाशीचे हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'झाँसी की रानी' या कादंबरीत घेतला, तेव्हा त्याचे रूप पालटले. तेथे पकडला गेलेला दरोडेखोर सागरसिंह राणीकडून क्षमा पावतो आणि तिच्या सैन्यात दाखल होतो. भटजींच्या लेखी राज्यकर्त्याचा धर्म दंडाने पुरा होतो; कादंबरीकाराच्या लेखी तो क्षमेने पुरा होतो. परंतु ज्यांची घरे लुटली गेली त्यांचे काय, हा प्रश्न दुसऱ्या कथेत अनुत्तरितच राहतो.

क्षमा ही न्याय मोडून होते की न्याय पुरा करून होते, हा या प्रश्नाचा गाभा होय. ख्रिस्ती धर्मशास्त्रातील पाप, क्षमा आणि तारण यांसंबंधीचा सगळा विचार याच एका प्रश्नाभोवती उभा आहे. योगायोग असा की, ज्या मराठी पंडिताने हा प्रश्न सर्वांत कठोरपणे स्वतःला विचारला, तो याच झाशीच्या मुलखात जन्मला. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, पुढे रेव्हरंड नेहेम्या गोऱ्हे, यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीकडील काशीपुरा या गावी एका चित्पावन कुटुंबात झाला. पेशवाईच्या विस्ताराबरोबर बुंदेलखंडात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी हे एक घराणे. वाढले मात्र ते काशीत, शास्त्र्यांच्या सहवासात. त्यांचे मुख्य लेखन संस्कृत, हिंदी व इंग्रजी या भाषांत झाले, आणि त्यामुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख बहुधा पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील एक पात्र एवढ्यापुरताच येतो. ही उपेक्षा समर्थनीय नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील पापविचाराचा ताण समजून घ्यावयाचा तर गोऱ्हे यांच्यापासूनच आरंभ करावा लागतो.

२

गोऱ्हे यांच्या बाबतीत विशेष असा की, ख्रिस्ती मताविरुद्धचे सर्वांत प्रखर आक्षेप त्यांनी स्वतःच आधी लिहून ठेवले होते. १८३९ मध्ये जॉन म्यूर याने 'मतपरीक्षा' हा ख्रिस्ती मताचे मंडन करणारा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला पंडितवर्गातून जी उत्तरे आली त्यांपैकी तरुण नीळकंठशास्त्र्यांचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा सर्वांत साक्षेपी ग्रंथ होय. १८४४-४५ च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथाचे संपादन स. ल. कात्रे यांनी करून तो १९५१ मध्ये उज्जैन येथून प्रकाशित केला, ही मराठी संशोधनाची एक मोलाची कामगिरी आहे.

या ग्रंथातील दोन आक्षेप प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला आक्षेप जन्मजात विषमतेचा. पूर्वजन्म मानला नाही, तर जन्मांध बालकाच्या व मुक्या पशूच्या दुःखाची जबाबदारी थेट ईश्वरावर येते. कर्मसिद्धांताने ती जीवावर टाकली आहे; ख्रिस्ती मताला तशी सोय नाही. दुसरा आक्षेप अनंत नरकाचा. एका मर्यादित आयुष्यातील मर्यादित पापाला अमर्याद शिक्षा देणारा ईश्वर न्यायी कसा? दोन्ही आक्षेपांच्या मुळाशी एकच वृत्ती आहे : ईश्वराला दयाळू म्हणण्यापूर्वी तो न्यायी आहे की नाही हे पाहिले पाहिजे. नीळकंठशास्त्री हे भाविक आधी आणि तार्किक नंतर असे नव्हते. त्यांच्या ठिकाणी न्यायबुद्धी हीच भक्तीची पहिली पायरी होती.

मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालण्यासाठी त्यांनी बायबल वाचावयास घेतले आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या निश्चयाला पहिला तडा गेला. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु बाप्तिस्म्याने त्यांचे जुने आक्षेप विरघळले नाहीत. पुढील सत्तेचाळीस वर्षे, म्हणजे १८९५ मधील मृत्यूपर्यंत, हा पंडित एका अर्थी आपल्याच 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'ला उत्तर देत राहिला. अनंत शिक्षेचा सिद्धांत त्यांनी स्वीकारला, पण तो त्यांना कधी सुखाने पेलता आला नाही. धर्मांतरितांच्या लेखनात सामान्यतः पूर्वीचे मत हे मात केलेला शत्रू म्हणून येते. गोऱ्हे यांच्या लेखनात ते न फिटलेल्या ऋणासारखे सोबत राहते, आणि त्यातच त्यांच्या लेखनाचे खरे मूल्य आहे.

३

१८६० साली प्रसिद्ध झालेला 'षड्दर्शनदर्पण' हा त्यांचा हिंदी ग्रंथ आणि फिट्झ-एडवर्ड हॉल याने १८६२ मध्ये केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद यांवर त्यांची कीर्ती अधिष्ठित आहे. खंडनग्रंथ म्हणून त्याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु तो पापविषयक ग्रंथ म्हणून वाचला तर त्यातील सूत्र अधिक स्पष्ट होते. सांख्य, न्याय-वैशेषिक व वेदान्त या दर्शनांना तो वस्तुतः एकच प्रश्न विचारतो : तुमच्या मते माणसाचे मूळ दुखणे कोणते?

वेदान्ताचे उत्तर अज्ञान असे आहे. दुखणे अज्ञानाचे असेल तर औषध ज्ञान हेच. आणि ज्ञान झाल्यावर क्षमा मागणारा व क्षमा करणारा असे द्वैतच उरत नाही. न्यायदर्शनाच्या मते धर्म आणि अधर्म या दोहोंमुळे जीव जन्मात अडकतो. म्हणून मोक्ष हा पापापासून जसा, तसाच पुण्यापासूनही सुटल्याशिवाय होत नाही. गोऱ्हे यांचा घाव येथे पडतो. पुण्य हेदेखील बंधनच असेल तर सद्गुण हा शेवटी टाकून देण्याचा पदार्थ ठरतो, आणि पाप व पुण्य यांतील भेद सोन्याच्या व लोखंडाच्या बेडीएवढाच उरतो. त्यांच्या मते पाप हे अज्ञान नव्हे आणि बंधनही नव्हे. तो एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीचा केलेला अपराध आहे. जीवाने ईश्वराचा केलेला आहे. अपराध व्यक्तीचा असेल तरच क्षमा हा शब्द अर्थपूर्ण होतो. नियमाला क्षमा करता येत नाही. कर्माचा नियम फळ देतो किंवा देत नाही. तो रागावत नाही, म्हणून तो क्षमाही करू शकत नाही.

हा युक्तिवाद मार्मिक आहे. परंतु त्याची एक मर्यादा तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गोऱ्हे यांनी दर्शनांना कसोटी लावली. पण काशीच्या पाठशाळेत वाढलेल्या या पंडिताच्या योजनेत संतवाङ्मयाला स्थान नाही. ज्या मराठीत ते लहानपणी बोलू लागले, त्या मराठीत ईश्वराशी भांडणारी, त्याच्यापुढे स्वतःला पतित म्हणविणारी आणि पतितपावन हे त्याचे ब्रीद त्यालाच ऐकविणारी एक समृद्ध परंपरा दोनशे वर्षांपूर्वीच पूर्णत्वाला गेली होती. तुकोबांच्या आत्मपरीक्षणात पाप हे अदृष्टाच्या हिशेबातील रक्कम नाही. ती एका प्रिय व्यक्तीपासून पडलेली फारकत आहे. म्हणजे गोऱ्हे यांना जे उणे वाटले ते दर्शनांत उणे असेलही, मराठी भक्तीत ते उणे नव्हते. सूत्रग्रंथ व भाष्ये यांवरून समाजाची धर्मभावना ठरविण्याची चूक युरोपीय पंडितांनी केली, आणि त्यांना उत्तर देता देता गोऱ्हे यांनीही तीच केली.

४

हा ताण शब्दांच्या पातळीवर तपासला म्हणजे अधिक नेमका होतो. मराठीत ख्रिस्ती विचार प्रथम मोठ्या आवाक्याने आणला तो फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १६१६ मध्ये रायतूर येथे छापल्या गेलेल्या त्यांच्या ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराणा'ने वैकुंठ, मुक्ती, पुराण हे शब्द निःसंकोचपणे आपलेसे केले. तेथे पाप ही सिद्धांताने शिकविण्याची गोष्ट नाही. आदिमानवाच्या पतनाची कथा पुराणिकाच्या ओघाने सांगितली जाते आणि श्रोत्याला पाप कळते ते कथेतून. नवे मत जुन्या शब्दांत सांगितल्याने त्याचा परकेपणा सरतो, पण त्याबरोबर त्याची धारही बोथट होते. स्वर्गाला वैकुंठ म्हटले की श्रोत्याच्या मनातील वैकुंठही त्याबरोबर येते. स्टीफन्स यांच्या ओवीचे सौंदर्य याच तडजोडीतून आले आहे.

एकोणिसाव्या शतकातील मराठी बायबलाची परिभाषा निराळ्या वाटेने गेली. मोक्ष हा शब्द बाजूला ठेवून तिने 'तारण' आणि 'तारणारा' हे शब्द रूढ केले. या शब्दाचे भाग्य मोठे चमत्कारिक आहे. एका बाजूने तो 'तरणे' या धातूशी जोडलेला, म्हणून भवसागर, नाव, पैलतीर ही संतांची सर्व प्रतिमासृष्टी त्याच्यामागे उभी आहे. दुसऱ्या बाजूने सावकाराच्या पेढीवर तारण म्हणजे कर्जाला दिलेली हमी : दागिना, शेत, घर. मराठी कानाला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात. ख्रिस्ती मतात दुसऱ्याने आपल्यासाठी स्वतःला गहाण टाकल्याची कल्पना आहे, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत मूळ ग्रीक शब्द ऋण याच अर्थाचा आहे. हे लक्षात घेतले म्हणजे 'तारण' या एका शब्दात जे साधले ते अनेक प्रवचनांत साधले नाही, असे म्हणावे लागते. ऋण सोडून दिले जात नाही. ते कोणीतरी फेडतो. क्षमा न्याय पुरा करून होते, हा सिद्धांत मराठीत सावकारी व्यवहाराच्या शब्दातून सहज उभा राहिला.

उलट 'प्रायश्चित्त' हा शब्द अडचणीचा ठरला. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त हे पाप करणाऱ्याने स्वतः करावयाचे असते. पातकांचे प्रकार आणि त्यांना अनुरूप प्रायश्चित्ते यांचा केवढा तपशील आपल्या परंपरेत आहे, हे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'च्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडावरून ध्यानात येते. ख्रिस्ती मताने तोच शब्द दुसऱ्याने आपल्याऐवजी केलेल्या कृत्यासाठी वापरला. म्हणून हिंदू वाचकाला तो शब्द ओळखीचा वाटला तरी त्यातील आशय समजला नाही. पाप एकाचे आणि प्रायश्चित्त दुसऱ्याचे, हे त्याला अन्यायाचेच उदाहरण वाटले.

या संदर्भात पुण्यातील एक प्रसंग पुन्हा वाचण्यासारखा आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जो ग्रामण्याचा वाद उठला, तो सर्वपरिचित आहे. ते मिशन ज्या काउली संघाचे, त्याच संघाशी गोऱ्हे आपल्या उत्तरायुष्यात निगडित होते. लोकमान्य टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्यात प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या ग्रंथात या घटनेची जी हकीकत दिली आहे, तीवरून दिसते की, रानडे यांना आपण पाप केले असे मुळीच वाटत नव्हते. बहिष्कारामुळे अडचणीत आलेल्या मित्रांची सुटका व्हावी, एवढ्यासाठी त्यांनी तो कमीपणा पत्करला. सुधारकांनी त्यांना दोष दिला, खुद्द रमाबाईंनाही वाईट वाटले. पण तटस्थपणे पाहिले तर जो स्वतःला निर्दोष समजतो त्याने दुसऱ्यांच्या सुटकेसाठी घेतलेले प्रायश्चित्त, ही कल्पना मराठी गद्यात इतक्या साधेपणाने दुसरीकडे क्वचितच आली असेल. ख्रिस्ती प्रचारकांना जो अर्थ त्या शब्दातून समजावून देता आला नाही, तो एका प्रार्थनासमाजी गृहस्थाच्या आचरणातून नकळत प्रकट झाला.

५

गोऱ्हे यांच्या युक्तिवादाला जे उणे होते ते अनुभवाचे. तो उणेपणा भरून काढला तो त्यांच्याच प्रभावाखाली आलेल्या पंडिता रमाबाईंनी. इंग्लंडात असताना ब्राह्म मताकडून आपले मन वळविण्याचे सामर्थ्य गोऱ्हे यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्याही ठिकाणी नव्हते, अशा आशयाची कबुली रमाबाईंनी आपल्या पत्रव्यवहारात दिली आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ मधील आपल्या आत्मनिवेदनात त्या स्पष्टपणे सांगतात की, त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले, आपल्याला धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही. गोऱ्हे यांच्या पद्धतीवर याहून भेदक टीका दुसरी नाही, आणि ती शिष्येने केलेली आहे.

रमाबाईंच्या दृष्टीने पापाचा प्रश्न ईश्वराच्या न्यायापासून सुरू होत नाही. तो अधिकाराच्या प्रश्नापासून सुरू होतो. शास्त्रे इतर बाबतींत एकमेकांशी भांडतात, पण स्त्रीजात वाईट आणि स्त्रीला मोक्षाचा अधिकार नाही याविषयी त्यांचे एकमत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून लंडनमधील फुलहॅम येथे 'पतित' समजल्या जाणाऱ्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचली, तेव्हा त्यांना जे उमगले ते कोणत्याही दर्शनाच्या खंडनातून उमगणारे नव्हते. पापी ठरविणारा आणि क्षमा करणारा हे एकच असतील असे नाही, हा तो शोध होय. समाज पापी ठरवितो. ईश्वर क्षमा करतो. केडगाव येथील मुक्तिमिशनमध्ये अशा स्त्रियांसाठी त्यांनी 'कृपासदन' उभारले. बायबलाचे भाषांतर सोप्या मराठीत करण्यासाठी ज्या विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, तिने आपल्या संस्थेला मात्र 'मुक्ती' हा पुरातन शब्दच दिला. १८९६ च्या व १९०० च्या दुष्काळांतून आणलेल्या मुलींच्या बाबतीत त्या शब्दाला भाकरी, निवारा आणि अक्षरओळख असा अर्थ आला. बाबा पदमनजी यांच्या १८५७ मधील 'यमुनापर्यटना'त विधवेच्या दुःखाला समाज जबाबदार आहे हे कादंबरीने सांगितले होते. रमाबाईंनी ते विटांनी बांधून दाखविले.

गोऱ्हे यांनी टाळलेली दुसरी वाट, म्हणजे संतांची वाट, रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी घेतली. त्यांनाही डोंगरावरील प्रवचनानेच प्रथम खेचले. १८९५ मध्ये, म्हणजे गोऱ्हे वारले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. 'अभंगांजली'त क्षमा ही वादविषय राहत नाही. मूल चुकते आणि आईपाशी येते, तितकी ती सहज होते. मराठी ख्रिस्ती कवितेला येथे घरचा सूर सापडला. परंतु याच ठिकाणी गोऱ्हे यांचा कोरडा आवाज पुन्हा ऐकू येतो. आईने क्षमा केली. पण ज्याला मुलाने मारले त्याचे काय? टिळकांच्या अभंगांत अपराधी आणि ईश्वर ही दोनच पात्रे आहेत. ज्याच्यावर अपराध झाला ते तिसरे पात्र तेथे नाही. वात्सल्याच्या भाषेत न्यायाचा प्रश्न मिटत नाही. तो फक्त ऐकू येईनासा होतो.

यावरून गोऱ्हे यांचे स्थान ठरविता येते. ते मोठे ललित लेखक नव्हते आणि संतपरंपरेला त्यांनी न्याय दिला नाही. परंतु क्षमेची किंमत कोणीतरी दिलीच पाहिजे, ही जाणीव त्यांनी सोडली नाही. काव्याने ती विसरली की क्षमा गोड होते आणि पोकळ होते. तर्काने तेवढीच धरून ठेवली की ती खरी राहते, पण कोणाला उपयोगी पडत नाही. रमाबाईंच्या कार्यात आणि गद्यात त्या दोहोंचा काही काळ मेळ पडला. म्हणून मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे मूल्यमापन स्टीफन्सच्या ओवीने सुरू करून टिळकांच्या अभंगाने संपविण्याची जी प्रथा आहे, ती अपुरी आहे. त्या दोन गोड स्वरांमध्ये झाशीच्या या पंडिताचा रुक्ष प्रश्न ठेवल्याशिवाय त्यांचीही खोली कळत नाही.

बरुआसागरच्या त्या दरोडेखोराला कादंबरीकाराने क्षमा दिली आणि लढाईत प्राण वेचण्याची संधी दिली. जणू क्षमेची किंमत त्याच्याकडूनच वसूल केली. ख्रिस्ती मत म्हणते, ती दुसऱ्याने आधीच दिली आहे. हे ज्यांना पटत नाही त्यांनीही ती कोणी द्यावयाची हा प्रश्न टाळता कामा नये, एवढेच गोऱ्हे यांच्या आयुष्यभराच्या अस्वस्थतेचे मागणे आहे.